हरकतीची खुर्ची

२३ ऑगस्ट

ती. आत्या,
स. न. वि. वि.

तू विचारलंस म्हणून आधी सांगते: हो, जेवते. नाही, रडत नाही. रविवारी थोडंसं.

पण आत्या, इथलं थिऑलॉजीचं कॉलेज काय भारी आहे! धर्माचं तत्त्वज्ञान शिकवणारे आमचे सर वर्गात एक खुर्ची वेगळी ठेवतात. तिच्यावर बसेल त्यानं देवाच्या विरोधात बोलायचं, बाकीच्यांनी उत्तरं द्यायची. सर फक्त विचारतात, पटलं का. मनापासून पटलं तरच उठायचं, तोवर प्रत्येक तासाला तीच खुर्ची. कोण बसणार म्हटल्यावर मी हात वर केला. अर्थातच! पास्टरबाईंची भाची, उद्या तुझं चर्च सांभाळणार, मला काय होतंय?

मी आपल्या बेकरीवाल्याच्या धाकटीचं सांगितलं. अख्ख्या चर्चनं तिच्यासाठी गुडघे टेकले आणि तरी ती गेली, मग ऐकत कोण होतं? एकेकाचं उत्तर पाडताना आधी मजा वाटली. आता नाही वाटत. बाकीचे सगळे दोन-चार तासांत सुटतात म्हणे, मी अजून तिथंच. पटण्यासारखं काहीतरी पाठव ना.

तुझ्या शिव्यांनाही आसुसलेली,
वटवट


१ सप्टेंबर

चि. वटवट हिला,
अनेक आशीर्वाद.

प्रश्न संपायच्या आत हात वर करायची खोड जात नाही ना? भोग आता. इकडे चर्चचं छत गळतंय आणि माझा गुडघा कुरकुरतोय, बाकी सगळं छान.

त्या लेकराला पुरलं तेव्हा मी म्हणाले होते, आपल्या हातात पुस्तकाचं एकच पान आहे, शेवट लिहिणाऱ्याला माहीत आहे. हे घे, वापर. आणि नाहीच पटलं तर पटलं म्हण आणि ऊठ बाई. पाठ धरेल. तू या घरात आलीस तेव्हापासून ती पाठ मीच चोळतेय.

जेवण टाळलंस तर बघ.
तुझी धाकातली नाही, प्रेमातली,
आत्या


१९ सप्टेंबर

ती. आत्या,
स. न. वि. वि.

तुझं पान टिकलं नाही गं. मीच पाडलं. एकच पान दिसतं ना, मग शेवट चांगला आहे हे कुठल्या पानावर वाचलं? तोंडातून आपोआप निघतं आता. मेसमध्ये ताट घेऊन बसले की टेबल रिकामं होतं. प्रार्थनेला बसले तर आमेनच्या आधी मीच हरकत घेते. आंघोळ करताना, झोपताना, कुठेही असले तरी मी त्याच खुर्चीत.

म्हणून सोमवारी म्हणून टाकलं, पटलं. कारण तुझं पानच दिलं. टाळ्या वाजल्या. माझ्या जागी माझी रूममेट बसली, कधी न बोलणारी. तिचा भाऊ गेलाय हे मला तेव्हा कळलं. तिनं माझाच प्रश्न विचारला. सर म्हणाले, नुकतीच सुटलीस, तूच उत्तर दे. मी पुन्हा ते पान सांगितलं.

तिला पटलं, आत्या. खरंखुरं. रडली, माझा हात धरून बसली. आता रोज झोपायच्या आधी ते पुन्हा सांगायला लावते. मी सांगते. खरं बोलू का तिच्याशी? लवकर लिही.

सुटून अडकलेली,
वटवट


२७ सप्टेंबर

चि. वटवट हिला,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि तशीच बेकरीत गेले. ठरवलं होतं, त्याला सांगायचं की त्या पानाचं मलाही नक्की ठाऊक नाही. दारात पोचले तर तो पाव बांधता बांधता गिऱ्हाइकाला सांगत होता, आमच्या पास्टरबाई म्हणतात, आपल्या हातात एकच पान आहे. मला बघून त्यानं बायकोला बाहेर बोलावलं. ती म्हणाली, घरात कुणी फारच गप्प झालं की आम्ही एकमेकांना तेच म्हणतो. मी पाव घेतला आणि परत आले.

तिला काय सांगायचं ते मला विचारू नकोस. रविवारी मी बोलत होते तेव्हा शेवटच्या बाकावर बेकरीवाल्याचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. आणि मला इथं कुणी विचारत नाही, पटलं का.

सुट्टी लागली की ये. पहिल्या बाकावर बस, माझ्या समोर. मी ते पान काढलं की मान डोलावू नकोस. एवढा एक चेहरा मला तिथं हवाय.

तुझ्याच खुर्चीतली,
आत्या