सरिताचं पहिलं जर्मन वाक्य

प्रिय गुरुजी,

सेवा जोहार. तुम्ही वारलात तेव्हा मी रडले नाही. आज लिहायला बसले, कारण काल मी भर वर्गात एका मुलीच्या तोंडावर डस्टर फेकून मारलं. भुवई फाटली. रक्त वहीवर ठिबकत होतं.

गडचिरोलीत मी नर्सिंगच्या मुलींना जर्मन शिकवते. अगदी पहिली पायरी: नमस्कार, नाव, गाव. सगळ्या माझ्यामागून म्हणतात, चुकतात, हसतात. सरिता तेवढी दोन महिने ओठ उघडत नव्हती. परीक्षा तोंडावर आलेली. नापास झाली तर परदेशातली नोकरी गेलीच! "बोल! मुकी आहेस का?" असं ओरडून मी मारलं.

हात माझा, पण नेम तुमचा होता! "शाळेत गोंडी बोलली तं हाड मोडीन," म्हणायचात, आणि मोडलंतही. माझी करंगळी अजून वाकडी आहे. तुम्ही स्वतः गोंड. घरी आईशी गोंडीतच बोलायचात ना? मग आमच्यावरच एवढा राग का?

आणि मी गावभर सांगत फिरले, गुरुजींच्या छडीनं मराठी आलं. साफ खोटं! मराठी आलं आरमोरीच्या बाजारात, आईजवळ गप्प बसून, गिऱ्हाइकांचं ऐकून. तुमच्या वर्गात तर येत होतं तेही भीतीनं विसरायचे.

आज सरिताच्या गावी गेले. तिची आई अंगणात टोपली विणत होती. मान वर न करता म्हणाली, "आमच्या पोरी पाहून पाहूनच शिकते, बाई. महिना महिना बांबूले हात लावत नाई, मंग एकदम टोपली करते. तुमी तं आमच्यातल्याच. तुमाले ठाऊक नाई काऊन?"

लाज वाटली, गुरुजी.

सरिता दारात उभी होती, भुवईला टाके. तिनं सरळ माझ्याकडे बघितलं आणि जर्मनमध्ये, एकही चूक न करता म्हणाली, "मला तुमची भीती वाटते."

तिचं पहिलं वाक्य!

तुम्हाला हे कुणी तोंडावर म्हटलंच नाही. मलाही जमलं नाही, म्हणून आता म्हणते: गुरुजी, मला तुमची फार भीती वाटायची. आणि तुम्ही आवडायचातही, याचाच जास्त राग येतो.

सरिता सोमवारी येईल की नाही, माहीत नाही. आली, तर तिच्या दुसऱ्या वाक्याला वर्ष लागलं तरी मी थांबेन. नाही आली, तर तिच्या अंगणात जाऊन बसेन, आणि या वेळी गप्प मी राहीन. शब्द देते.

तुमच्याच हाताखाली शिकलेली,
रुखमा