काउंटरच्या आत

५ जानेवारी १९९८
भाऊजींनी आज पाटी लावली — ‘पुस्तके चाळू नयेत. आत बसू नये.’ पाटी बरोबर माझ्या समोर. दिवसभर तीच दिसते. कॉमिक्सचं हे दुकान माझ्या नवऱ्याने, महेशने काढलं. तो गेल्यावर त्याचे थोरले भाऊ, गोविंदभाऊजी म्हणाले, "तू नुसती बस, व्यवहार मी बघतो." बसलेय. उठायला कारण लागतं.

८ जानेवारी
इथल्या द्वारका चौकात फुलं विकणाऱ्या कुसाबाई आल्या. पायरीखालीच थांबल्या. "साक्षरतेच्या वर्गाला जाते मी. तिथं नुसतं अ-आ हाय. चित्राचं पुस्तक द्या, चित्र बघून अक्षर उमगतं." कॉलेजची मुलं हसली. मी त्यांना आत बोलावलं, स्टूल दिलं. बोट ठेवून वाचत होत्या — "थां... थांब." मग मला, "ह्यो राक्षस थांब म्हनतोय व्हय?" किती दिवसांनी हसले!

९ जानेवारी
कुसाबाईंना आत बसलेलं बघून शाळेच्या दोन मुलीही आल्या. एरवी बाहेरूनच बघून जातात. "आम्ही पण बसू?" बसा म्हटलं.

१३ जानेवारी
भाऊजींनी पाहिलं. कुसाबाईंच्या हातातून कॉमिक ओढून घेतलं. "फुलांचे ओले हात लावता. हा बाजार आहे का?" हात कोरडे होते. तरी त्यांनी ते पदराला पुसले. जाताना हळूच म्हणाल्या, "तुमाला बोलनी नको बसायला." मुली त्यांच्या मागोमाग गेल्या.
काउंटरची फळी वर करून बाहेर यायला कितीसा वेळ लागतो? तेवढंही झालं नाही.

१४ जानेवारी
संक्रांत. तिळगूळ वाटला. गोड बोलले सगळ्यांशी.

१६ जानेवारी
जेवताना धीर केला. म्हटलं, पाटी काढू या, येणारी माणसं परत जातात. भाऊजींचा हात ताटातच थांबला. "उद्यापासून दुकानात यायचं नाही. घरात बस." सासूबाई खाली मान घालून भात वाढत होत्या.

१९ जानेवारी
द्वारका चौकात, कुसाबाईंच्या शेजारी पोतं अंथरलंय. घरच्या माळ्यावरचे महेशच्या कॉमिक्सचे गठ्ठे भाऊजींच्या देखत उचलून आणले. दार सासूबाईंनी उघडून धरलं. त्या दोघी मुली इथेच मांडी घालून वाचतायत. मला घरात परत घेतील का, माहीत नाही. कुसाबाई म्हणाल्या, "सायखेड्याला चला माझ्यासंगं, माझ्या घरला. जागा हाय."