दोर बदलल्यानंतरची पहिली फेरी

तळ्याकाठचं हॉटेल, खोली क्र. ७
गुरुवार, १२ तारीख

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि. आम्ही दोघे सुखरूप पोचलो आणि तेव्हापासून विश्रांती घेतोय. फार दगदगीचं काम आहे. सकाळी तळं बघायचं, दुपारी तेच तळं दुसऱ्या खुर्चीवरून बघायचं. तुझी वहिनी दर दहा मिनिटांनी बरं वाटतंय ना म्हणून विचारते, आणि मी हो म्हटलं की पाय हलवू नका म्हणते. मॅनेजर इतकं हळू बोलतो की याला कुठे दुखतंय का, असं विचारावंसं वाटलं.

माझ्या लेकीची, म्हणजे तुझ्या भाचीची अट तुला ठाऊकच आहे. या चार दिवसांत मी तिला एक जरी फोन केला, तर ती आपलं लिफ्टदुरुस्तीचं वर्कशॉप सोडून त्या मोठ्या कंपनीत जाणार. सोमवारी कंपनीला उत्तर द्यायचंय. पत्राबद्दल मात्र ती काही बोललेली नाही, त्यातून हे तर तुला लिहितोय. हॉटेलची गाडी सकाळ-संध्याकाळ शहरात येते. उत्तर ड्रायव्हरच्याच हाती दे.

उद्यापासून ती प्रसूतिगृहाच्या लिफ्टचे दोर बदलतेय. काम तिला येतं, प्रश्न तो नाही. नवे दोर बसले की आधी वाळूची पोती वरखाली फिरवतात आणि मग पहिली फेरी एका माणसाने घ्यायची. एकतीस वर्षं ती मीच घेतलीय. तिला एकदाही आत पाय ठेवू दिला नाही. तू सहज गेल्यासारखी जा आणि सांग, की सोमवारपर्यंत लिफ्ट बंद ठेव. माझं नाव काढू नकोस.
लोभ आहेच, तो या कामात दिसू दे.
तुझा दादा

शुक्रवार, १३ तारीख

ती. दादास,
सा. न. वि. वि. गेले सहज. शाळेत गणित शिकवणारी बाई दोन तास बुडवून प्रसूतिगृहाच्या गच्चीवरच्या मोटारखोलीत सहज जाते, हे तुलाच सुचू शकतं. मी म्हटलं, दोर नवे आहेत, दोन दिवस ताणले जाऊ देत, सोमवारी बघ. तिने हातातला पाना खाली ठेवला आणि विचारलं, आत्या, हॉटेलात जेवण बरं मिळतंय का त्यांना?

मग मला जिन्यापाशी नेलं. दोन वॉर्डबॉय एका बाईला खुर्चीत बसवून चौथ्या मजल्यावर चढवत होते. बाईने कठडा घट्ट धरला होता. भाची म्हणाली, दोन दिवस बंद ठेवायची तर उद्यापासून एक बाजू तू धर.

चाचणी उद्या दुपारी चारला आहे. दादा, तिच्या हातावर विश्वास आहे म्हणतोस, आणि तिच्याच हातच्या लिफ्टमध्ये तिला चढू देत नाहीस. उद्या ती कंपनीत गेली, तर ती काही पगारासाठी जाणार नाही.
लोभ असावा, पण जरा लांबूनच.
धाकटी

शनिवार, १४ तारीख, सकाळ

चि. धाकटीस,
आशीर्वाद. पोती दीडपट वजनाची हवीत. ब्रेक दोनदा बघायला सांग. की नको, काहीच सांगू नकोस. रात्रभर कूस बदलून झाली. आज तळ्याला सात वेढे घातले. इथली माणसं मला व्यायामवेडा समजायला लागली आहेत. तुझ्या वहिनीने माझा मोबाइल पेटीत कुलूप लावून ठेवलाय, पण कोपऱ्यात लिफ्टजवळ हॉटेलचा फोन आहे. चार वाजेपर्यंत मला कुणीतरी बांधून ठेवायला हवं.
दादा

शनिवार, १४ तारीख, संध्याकाळ

ती. बाबांना,
शि. सा. न. चाचणी झाली. पोती दीडपट वजनाची होती, ब्रेक तीनदा पाहिला. पहिली फेरी मी घेतली, तळमजला ते चौथा. मधे मुद्दाम एकदा थांबवली. आत्या लिफ्टच्या बरोबरीने जिन्याने धावत वर यायला निघाली होती, ती दुसऱ्या मजल्यावर बसलेली सापडली. आता पेशंट लिफ्टने जातायत.

साडेतीनला माझा फोन वाजला. पलीकडे कुणी बोललं नाही. मागे एका लिफ्टचं दार सरकत होतं आणि मिटताना दोनदा अडखळत होतं. खालच्या खाचेत खडे असणार. कुठल्या हॉटेलची असेल ती असो, मॅनेजरला खाच साफ करायला सांगा. जो माणूस बोललाच नाही, त्याचा फोन मी अटीत धरत नाही.

कंपनीला नाही म्हणून कळवतेय. पण यापुढे ज्याने दोर बसवले त्यानेच पहिली फेरी घ्यायची. हे पटत नसेल तर सोमवारच्या आत सांगा.
माया असू द्या, सूचना थोड्या कमी.
तुमची लेक

रविवार, १५ तारीख

चि. लेकीस,
उदंड आशीर्वाद. फोन माझाच होता. तू धरत नाहीस म्हणालीस, तरी तुझ्याशी खोटं नको म्हणून लिहिलं.

खाचेतून चार खडे आणि कुणाचं तरी कानातलं निघालं. आता दार लोण्यासारखं मिटतं. तीन दिवस मी त्याच लिफ्टमधून ये-जा करतोय आणि माझं लक्ष नव्हतं. माझा कान सगळा तुझ्याकडे लागलेला. तू मात्र फोनवरून ओळखलंस. तुझ्या आईला सांगितलं तर म्हणाली, पोरीचा कान तुमच्यापेक्षा तिखट आहे, ते मला केव्हाचं माहीत आहे.

तुझी अट मान्य. इथे मला मुळीच करमत नाही, तरी आजचं निघणं रद्द करून खोली बुधवारपर्यंत वाढवून घेतली. मंगळवारी धान्याच्या गोदामाच्या लिफ्टचे दोर आहेत. ते तू बसव, पहिली फेरी तू घे. मी तिथे नसेन.
बाबा