पावडरचं पाणी

गोमाईकाठ, तालुका शहादे
ता. २३ मे १९४१

प्रिय नवलभाऊ यास रूपचंदाचा रामराम.

तुझं पत्र पोचलं. नवापूरकडच्या दौऱ्यात आलेला ताप उतरला, हे वाचून बरं वाटलं. आरोग्यखात्याच्या माणसालाही ताप येतो म्हणजे ताप फारच निःपक्षपाती दिसतो. इकडे ऊन मी म्हणतंय. आंबा कमी. म्हैस व्याली, रेडा झाला.

तू नळाचं विचारलंस. नळ चौकात उभा आहे. तू टाकीत पावडर टाकायला लावलीस तेव्हापासून पाण्याला परटाच्या भट्टीसारखा वास येतो. गावानं त्यावर बरंच संशोधन केलं. केस गळतात, गुडघे धरतात, पुरुषाची ताकद जाते. छगन पाटलाची ताकद सत्तराव्या वर्षी गेली, तीही नळानंच नेली असं ठरलं.

होळीच्या सोंगासाठी मी गाणं केलं, ते तुझ्या कानावर आलंच असेल. ‘नळनं पानी पीसनी, गई व्हो मन्ही जवानी.’ गाव पोट धरून हसलं. दुसऱ्या दिवसापासून बायका नळावरून हंडे मिरवत थेट नदीतल्या झिऱ्यावर जायला लागल्या. वाळूत खड्डा खणायचा, पाझरेल ते भरायचं. त्याच काठाला गाव सकाळी परसाकडे बसतं. इतके आज्ञाधारक श्रोते मला आजवर मिळाले नव्हते.

तुझी बहीण हसली नव्हती. तिनं नळाचा हंडा आणून ठेवला. म्हटलं, “भिकू, माझ्या घरात धोबीघाट नको.”

“मन्हा भाऊनी इतली खटपट करी, त्ये का जहर शे?”

“अख्खं गाव मला हसेल.”

“गावनं काय ऐकतस? गाव तुम्हलेच ऐकस.”

मी हंडा ओट्यावरून ओतून दिला. ती रिकामा हंडा उचलून झिऱ्याकडे गेली. पुढे रोजच गेली.

तुला माझी सवय ठाऊक आहे, दिवसाला आठ कप चहा. उकळल्याशिवाय पाण्याचा थेंब माझ्या पोटात जात नाही. ती चहाला शिवत नसे.

म्हशीचं दूध बरं आहे.

गावात पटकी आली, नवल. गेल्या शनिवारी पहाटे तिला उलट्या सुरू झाल्या. दुपारी तिचा आवाज गेला. दिवस मावळायच्या आत गोमाईवर नेली. पटकीचं प्रेत ठेवू देत नाहीत, त्यामुळे माहेरची साडी मागवायला वेळ नव्हता. तू दिवाळीला दिलेली तिच्या पेटीत घडी न मोडलेली होती, तीच नेसवली. शेवटपर्यंत खुणेनं पाणी मागत होती. मी पाजत होतो. घरात झिऱ्याचंच होतं.

तार करणार होतो. पण तारेत ‘भिकूबाई वारली’ एवढंच मावलं असतं, आणि ते अर्धंच खरं झालं असतं.

मला रडू आलेलं नाही. बायका म्हणतात, धक्का बसलाय. बसला असेल, मला तो कुठे सापडत नाही. काल सवयीनं दोन ताटं घेतली, एक परत ठेवलं, जेवलो. भाजीत मीठ कमी होतं.

ती गेली त्या जागी दिवा लावलाय आणि शेजारी पाण्याचा पेला. पाणी रोज बदलावं लागतं. चौकातून मीच भरून आणतो, नळाचं. पोरं मला पाहून तेच गाणं म्हणतात. चाल चांगली बसली होती.

सोमवारी दहावा. तू ये. शिव्या द्यायच्या असतील तर लोकांसमोर दे, माझं गाणंही लोकांसमोरच झालं होतं. आणि टाकीत पावडर वाढवायची असेल तर माप सांग, मी स्वतः वर चढून टाकीन.

दुखवट्याच्या कागदाचा कोपरा आधीच फाडतात, म्हणजे घेणाऱ्याला पाकीट उघडताच कळतं. मी फाडला नाही. फाडला असता तर तू पुढचं वाचलं नसतंस, आणि हंड्याचं मला दुसऱ्या कुणाला सांगता आलं नसतं.

आता तू फाड.

तुझ्या बहिणीनं ज्याचं ऐकलं, तो
रूपचंद