नाताळची गव्हाण

कोल्हार, २४ डिसेंबर १९४३

इथे माझ्या हातची कामे: प्रार्थनेचे दोन बाक, क्रूस, आणि नाताळच्या देखाव्यासाठी सागवानी गव्हाण. गव्हाणीत एक खिळा नाही, सगळे सांधे खाचेचे.

सणापुरते मी, सुतारकामाचा मास्तर, आणि बायको मार्था मिशनच्या सेवेला आलो, आणि आज चर्चच्या मंडळीतल्या ऊसतोड्या यशवंताचे तान्हे लेकरू गेले. पेटीला गावात फळी मिळेना. मार्था म्हणाली, "अहो, गव्हाण आहे की. येशूबाळ निजेल जमिनीवर."

गव्हाणीचीच पेटी झाली; झाकणाला एका बाकाची फळी घेतली, तिला खिळे मारावे लागले. माझ्या कामात खिळे! अजून तेच टोचते आहे. आज तरी ते टोचावे का?

पुरून परतताना यशवंता म्हणाला, "मास्तर, फुकाट नगं. लेकरू माजं हाय." मी नको म्हणालो. दया म्हणून, की ताठ्याने? सव्वा रुपया देत होता. मी घेतला नाही.