कादंबरीतला पाद्री

३ मार्च १८६०
कादंबरी गावात पोचली! वर पुरुषाचं खोटं नाव. लिहिली मी, हे लंडनच्या प्रकाशकाशिवाय कुणाला ठाऊक नाही — भाऊ जेबेझलाही नाही. वहिनी चहा ओतताना म्हणाली, "अगं टॅबी, कुणीतरी आपलं अख्खं गाव उचलून पुस्तकात बसवलंय! आपल्या कातडी कारखान्याचा वाससुद्धा सोडला नाही मेल्याने!"
गालातल्या गालात हसले.

११ मार्च
आज चर्चबाहेर हसणं संपलं. पुस्तकातला पाद्री खडकात दगड होऊन बसलेले युगायुगांपूर्वीचे शिंपले पाहून ओळखतो की बायबल म्हणतं तसं जग सहा दिवसांत झालेलं नाही. श्रद्धा जाते, तरी दर रविवारी प्रवचन देतो. कसाईण सगळ्यांदेखत ओरडली, "हे तर आपले हॅल्स्टेड पाद्री! खाणीत शिंपले वेचत दुसरं कोण हिंडतं?"
श्रद्धा गेल्याचं हॅल्स्टेडनी फक्त मला सांगितलं होतं. त्यांची बायको वारली त्या वर्षी, खाणीच्या काठावर. "बोलून हलकं वाटलं, मिस टॅबिथा." मी घरी येऊन शब्द न् शब्द उतरवला! नाव बदललं, नाक बदललं, एक घोडा दिला. मनातलं तेवढं तसंच ठेवलं — तेच सगळ्यात चांगलं उतरलं होतं ना!

१२ मार्च
लिहवत नाही.

२० मार्च
बिशपांनी हॅल्स्टेडना बोलावून घेतलं. जेवताना जेबेझ — "भोंदू लेकाचा! आपल्या पोरांचा बाप्तिस्मा याच्या हातून?" तेव्हा बोलायला हवं होतं. मी बटाटे वाढले.
सकाळी ते रस्त्यात भेटले होते. टोपी काढून विचारलं, "खोकला कसा आहे?" "बरा आहे," म्हटलं. एवढंच! माफी मागायची होती; मी बाजाराकडे वळले.

२ एप्रिल
गेले. चर्च गेलं, राहतं घरही गेलं. गाडीत तीन पेट्या. निरोपाला कुणी नाही. मी होते — पडद्याआड.

९ एप्रिल
बिशपांची स्वयंपाकीण वहिनीची मावसबहीण. तिने दाराआडून ऐकलेलं आज कळलं. बिशप म्हणाले होते, "'पुस्तकातला पाद्री मी नव्हे' एवढं म्हणा, लिहिणाऱ्याचं नाव सांगा, आणि खुशाल आपल्या चर्चमध्ये राहा."
हॅल्स्टेड म्हणाले, "पाद्री मीच. आणि लिहिलंयही मीच."