कांदेनवमीचं फ्रेंच सूप

आई, आज कांदेनवमी. परवा एकादशी लागली की चार महिने घरात कांदा नाही, त्यामुळे काहीही करून ते कांद्याचं सूप मला आजच जमवायचं होतं. फोर्टात जुन्या पुस्तकांच्या ढिगात पॅरिसच्या एका खाणावळीचं इंग्रजी पाकपुस्तक मिळालं होतं, ते मी डिक्शनरी घेऊन अथपासून इतिपर्यंत वाचलं. गिरणीतलं फिटरकाम मी कुणाकडून शिकलो नाही, इंग्रजीही नाही. मग एक सूप मला अडवणार? पण दर रविवारी ते बिघडायचं. बायको म्हणाली, “अहो, तुमचं ते फ्रेंच सार आता कार्तिकात करा. तोवर फ्रान्स काही पळून जात नाही!” मी म्हटलं, “नवमीलाच होणार.” आणि आज चक्क रजा टाकली.

बाकी सगळं पुस्तकाबरहुकूम होतं. हाडांचं पाणी आपल्या घरात शक्य नाही, म्हणून मसूर नि गाजर उकळून गाळलेलं पाणी. तेवढी सवलत घेतली. चीज डब्यातलं. भट्टी नाही, तर झाकणावर निखारे. कांदा लोण्यात मंद आचेवर तांबूस आणि गोड व्हायला हवा. माझा खारट व्हायचा, नाहीतर करपायचा.

कल्याणचं आपलं स्वयंपाकघर आठवतं. महिन्यातले ते चार दिवस तू बाहेर बसलेली, घरात दुसरी बाई नाही, म्हणून चुलीपुढं मी. उंबऱ्यापलीकडून तुझा आवाज येतो, “अरे, कांद्याला मीठ चोळ. आता पीळ. अजून पीळ! हातात जोर नाही का रे? कोशिंबीर उग्र झाली तर तुझे वडील पानावरून उठतील.” मी पिळतो, पाणी गळतं, तू लांबूनच बघून म्हणतेस, “हां, आता कसा!” त्या ‘हां’साठी मी बोटं दुखेपर्यंत पिळायचो.

आजही, बायको नळावर गेली असताना, मी कांदे चिरले, मीठ चोळून पिळून ठेवले. पाणी मोरीत ओतताना सहज बोट चाटलं. मिठाखाली गोड लागलं. तसाच उभा राहिलो. मग पुस्तक उघडलं. चिरा आणि लोण्यात टाका. पिळा असं कुठंच नाही. अक्षरन्‌अक्षर पाळतो म्हणून मिरवणारा मी, आणि हात मला न विचारता तुझं ऐकत होते. कांद्याची गोडी दर रविवारी मीच मोरीत ओतत होतो.

नवे कांदे चिरले. हात शिवशिवत होते, पण पिळले नाहीत. पायांना मुंग्या येईपर्यंत शेगडीपाशी बसून ढवळत राहिलो. कांदा आधी मऊ पांढरा, मग सोनेरी, मग न घासलेल्या तांब्यासारखा. वर पावाचा काप, त्यावर चीज, झाकणावर निखारे. बायकोनं एक चमचा चाखला आणि वाटी पुढं केली. वाटी संपल्यावर म्हणाली, “अहो, हे खरंच चांगलं झालंय. मग इतके दिवस काय बिघडत होतं?”

तू असतीस आणि हे पत्र पाठवता आलं असतं, तरी मी पाठवलं नसतं. ‘आईनं तसं शिकवलं होतं’ एवढं बायकोपुढं माझ्या तोंडून निघालं नाही. आधीचे कांदेच वाईट होते, असं सांगून मोकळा झालो. उद्या उपासाचं सामान आणायला ती बाजारात जाईल, तेव्हा कांदेवाल्याला चांगलं झापणार आहे. झापू दे.